द्वेषाचा कायदा आणि लिहिता हात

लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवले, हे रत्नागिरीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच निकालात त्यांना १००० रुपयांचा दंडही झाला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सहा वर्षांची शिक्षा राजद्रोहाची, म्हणजे कलम १२४ अ ची होती. दंड होता कलम १५३ अ खाली, दोन समाजगटांमध्ये शत्रुत्व वाढवल्याबद्दल. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखांनी इंग्रज आणि हिंदी लोकांत वैर पेरले, असे न्यायालयाने धरले. रत्नागिरीच्या मातीत जन्मलेला संपादक ज्या कलमाखाली दोषी ठरला, ते कलम पुढे रुंदावले, त्याचा क्रमांक बदलला, पण ते गेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १९६ म्हणून नांदते आहे. दिवाळी अंकात कथा देणारा, साप्ताहिकात सदर लिहिणारा, नमन-खेळ्याची वगनाट्ये रचणारा किंवा मोबाइलवर चार ओळी टाकणारा, या सगळ्यांना ते लागू आहे. म्हणून ते नेमके काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे प्रत्येक लिहिणाऱ्याने समजून घ्यायला हवे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. द्वेष पसरवणाऱ्या शब्दांना आवर घालणारा कायदा हवाच. पण त्याची रेघ ‘कुणाच्या तरी भावना दुखावल्या’ या ठिकाणी नाही. ती आहे जिवंत माणसांच्या एखाद्या समूहाविरुद्ध वैर उभे करण्याच्या हेतूवर. आपल्या न्यायालयांनी ही रेघ पुन्हा पुन्हा आखून दिली आहे. विसर पडतो तो तक्रार करणाऱ्यांना, ठाण्यातल्या अंमलदारांना आणि दुर्दैवाने लेखक-संपादकांनाही. ही रेघ ज्याला नीट दिसते, त्याला लिहिण्यासारखे खूप मोठे रान मोकळे आहे. ज्याला ती दिसत नाही, तो एक तर निष्काळजीपणे तिच्यापलीकडे जातो, नाही तर भीतीने तिच्यापासून कोसभर अलीकडेच थांबतो. आज दुसऱ्या प्रकारचे नुकसान अधिक होते आहे असे मला वाटते, कारण न लिहिलेल्या लेखाची नोंद कुठेच होत नाही.

कलमाचा जन्म पाहिला की त्याचा स्वभाव कळतो. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला आणि पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाची व्याख्या रुंद केली आणि त्याच कायद्याने १५३ अ हे नवे कलम दंड संहितेत घातले. राज्यकर्त्याच्या सोयीचे हे कलम होते, यात शंका नाही. पण त्या परकीय सरकारनेही कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडले होते. समाजगटांमध्ये वैर निर्माण करणाऱ्या गोष्टी दुष्ट हेतू न ठेवता, त्या दूर व्हाव्यात या प्रामाणिक इच्छेने कुणी दाखवून दिल्या तर तो गुन्हा होत नाही, अशा आशयाचे ते होते. सुधारकाला आणि टीकाकाराला कायद्याच्या मजकुरातच दिलेला तो आधार होता. टिळकांना तो वाचवू शकला नाही, हे खरे; तरी तो कागदावर होता. स्वतंत्र भारतात १९६१च्या दुरुस्तीत कलमाची नवी मांडणी झाली आणि हे स्पष्टीकरण गळाले. पुढे १९६९ मध्ये कलम आणखी विस्तारले. आजच्या १९६ मध्ये धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात, समुदाय अशी आधारांची लांब यादी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, प्रार्थनास्थळी गुन्हा घडल्यास पाच वर्षांपर्यंत आहे. प्रामाणिक टीकाकाराला वाचवणारे ते वाक्य मात्र नाही. जे मजकुरातून गेले, ते न्यायालयांना निकालांमधून पुन्हा उभे करावे लागले.

त्याआधी रत्नागिरी जिल्ह्याच्याच दुसऱ्या वारशाकडे पाहायला हवे, कारण एकट्या टिळकांवरून हा प्रश्न पुरता उलगडत नाही. टिळकांचा सामना सरकारशी होता. समाजाच्या श्रद्धांशी सामना करणारे लेखन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने तो १९८७ साली समग्र वाङ्मयाच्या चौथ्या खंडात छापला आणि राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून राज्यभर वादळ उठले. एका बाजूने मजकूर काढून टाकण्याची मागणी, दुसऱ्या बाजूने तो जसाच्या तसा ठेवण्यासाठी मुंबईत प्रचंड मोर्चे. शेवटी मजकूर राहिला आणि त्यातील मतांशी शासन सहमत आहे असे नाही, अशी टीप जोडली गेली. या तोडग्यात मला मोठे शहाणपण दिसते. असंख्य लोकांच्या भावना दुखावल्या होत्या, त्या खऱ्या होत्या, त्यांची नोंद घेतली गेली, आणि तरीही पुस्तक वाचकाच्या हाती राहिले. द्वेषाविरुद्धचा कोणताही कायदा या दोन कसोट्यांवर घासून पाहावा. ज्या कायद्याने टिळकांचा अग्रलेख आणि आंबेडकरांची चिकित्सा दोन्ही गुन्हा ठरतील, तो कायदा चुकीचा वाचला जातो आहे असे खुशाल समजावे.

आता न्यायालयांनी काय म्हटले ते पाहू. पहिला प्रश्न असतो, मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा? १८९७च्या खटल्यात नऊ ज्यूरर होते; सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. १९०८ मध्ये सातास दोन असा कौल पडला. शब्द तेच, पण वाचणारा कोण यावर गुन्हा ठरला. या सापळ्यातून वाट काढली ती आपल्याच नागपूरच्या उच्च न्यायालयाने. भगवतीचरण शुक्ल प्रकरणात न्या. व्हिवियन बोस यांनी असा निकष दिला की शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने तोलायचा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने नाही. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील ‘तमस’ ही मालिका थांबवावी अशी मागणी झाली, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष उचलला. आणि २८ मार्च २०२५ रोजी, महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेसाठी गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द करताना न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने तो पुन्हा बजावून सांगितला. नागपुरात घडलेली ही कसोटी आज देशभर लागू आहे.

दुसरा प्रश्न हेतूचा. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक इंग्रजी पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, दुर्मीळ संग्रहाची नासधूस झाली आणि लेखक-प्रकाशकांवर १५३ अ खाली गुन्हा नोंदला गेला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शत्रुत्व वाढवण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे, तो मुख्यतः मजकुराच्या भाषेतून आणि लेखनाच्या परिस्थितीवरून ठरवायचा, पुस्तक समग्र वाचायचे, कुठलेतरी एक वाक्य उचलून त्यावर खटला उभा करायचा नाही, असे त्या निकालात आहे. पुस्तक सरकारजमा करण्याचा आदेशही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कोणत्या दोन गटांमध्ये वैर वाढते हे सरकारला आदेशात दाखवताच आले नव्हते. त्या पुस्तकात एका कुचाळकीला पुराव्याविना जागा दिली गेली, हा इतिहासलेखनातला गंभीर दोष होता असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे उत्तर अभ्यासकांनी कठोर परीक्षणाने द्यायचे असते. दोष आणि गुन्हा यांच्यातले अंतर पुसले, तर उद्या प्रत्येक चुकलेल्या इतिहासकाराची रवानगी कोठडीत करावी लागेल.

तिसरा प्रश्न, लक्ष्य कोण? सर्वोच्च न्यायालयाने १९९७ पासून अनेकदा म्हटले आहे की या कलमासाठी निदान दोन समूह हवेत आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध भडकवणे हवे. नुसत्या एका समूहाला राग येणे पुरेसे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा म्हणून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर निषेध नोंदवला आणि हातकणंगले पोलिसांनी १५३ अ खाली गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावरची टीका म्हणजे धर्माधर्मांतले वैर नव्हे, एवढी साधी गोष्ट सांगायला त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले. धर्माबाबत वेगळे कलम २९९ आहे, म्हणजे जुने २९५ अ. तिथेही शब्द आहेत ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’, आणि १९५७ मध्येच घटनापीठाने स्पष्ट केले आहे की अजाणता किंवा बेफिकिरीने झालेला अवमान त्यात बसत नाही.

याचा अर्थ न्यायालये काहीही चालवून घेतात असा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९६९ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ या पुस्तकाच्या जप्तीचा आदेश रद्द केला. पुस्तकातील मते कितीही अस्वस्थ करणारी असली तरी ते दोन समाजांत वैर पेरते असे त्यांना आढळले नाही. त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१० मध्ये आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामविषयक पुस्तकावरची बंदी मात्र कायम ठेवली. कोणत्याही धर्माची चिकित्सा करता येते, हे त्यांनी मान्य केले. पण या पुस्तकात चिकित्सा मागे पडून एका धर्माच्या लोकांविरुद्ध मन कलुषित करण्याचा दुष्ट हेतू दिसतो, असे ते म्हणाले. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. विषय किती स्फोटक, यावर काही ठरले नाही. धर्मग्रंथ, प्रथा, इतिहास, पुढारी, सरकार यांच्यावरून सरकून लेखणी ‘ते लोक’ या शब्दांवर कुठे आली आणि त्या लोकांचे काय करावे असे सुचवू लागली, यावर ठरले.

ही सरकण्याची जागा आपल्याच मजकुरात ओळखायला शिकणे, हे लिहिणाऱ्याचे पहिले काम. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. मलपीच्या वेगवान ट्रॉलरच्या घुसखोरीवर सतत बातम्या येतात. ‘बंदीच्या काळात या नौकांनी जाळी टाकली, कारवाई झाली नाही, मत्स्य विभागाने उत्तर द्यावे’ असे कितीही कडक भाषेत लिहा, ते कृतीबद्दलचे आणि सत्तेबद्दलचे लेखन आहे. त्याच रागात ‘अमक्या जमातीचे लोक असेच लुटारू, त्यांना बंदरात पाय ठेवू देऊ नका’ असे वाक्य आले, की लेख दुसऱ्या बाजूला गेला. भाषा आणि निवास हे दोन्ही आधार कलम १९६ मध्ये आहेत, हे परप्रांतीयांबद्दल लिहिताना आवर्जून लक्षात ठेवावे. बोटींवर खलाशी म्हणून आणि आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार हा आपल्याकडे सहज तोंडी येणारा विषय आहे. एखाद्या चोरीत एखादा कामगार पकडला गेला, तर बातमी त्या आरोपीची करावी. मथळ्यात त्याचे राष्ट्रीयत्व कशासाठी हवे, हा प्रश्न उपसंपादकाने स्वतःला विचारावा आणि समाधानकारक उत्तर नसेल तर तो शब्द काढावा. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते, कारण तो शब्द वाचकाला नवी माहिती देत नाही, जुना संशय मात्र पक्का करतो.

कथा-कादंबरी आणि नाटकात प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण पात्राच्या तोंडी विष असावेच लागते. दंगलीची कथा लिहिताना दंगलखोर सभ्य भाषा बोलला तर ती कथा खोटी होईल. मजकूर समग्र वाचण्याचे तत्त्व इथे लेखकाच्या बाजूने उभे राहते. ‘तमस’चा निकाल त्याचीच साक्ष आहे. टिळकांनाही याच तत्त्वाने १९१६ मध्ये तारले होते: बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याचा झालेला आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण सुटी वाक्ये न पाहता भाषणांचा एकंदर परिणाम पाहिला गेला. मात्र एक अडचण त्या काळी नव्हती. आज कथा समग्र वाचली जात नाही, तिच्या एका परिच्छेदाचे छायाचित्र मोबाइलवर फिरते. म्हणून दाहक उतारा लिहिताना त्याच परिसरात, शक्य तर त्याच पानावर, निवेदकाची किंवा दुसऱ्या पात्राची नजर दिसेल अशी रचना करता येते का, ते पाहावे. कथेत उपदेश घुसवावा असे मला म्हणायचे नाही, तो घुसवला तर कथा मरते. पण जे पान सुटे फिरण्याचा धोका आहे, त्याची बांधणी अधिक विचाराने करणे हा कारागिरीचा भाग आहे. जातिवाचक शिवीचा प्रश्न असाच. दलित आत्मकथनांनी ती शिवी छापली ती अपमान नोंदवण्यासाठी. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील संबंधित तरतूद अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने, लोकांसमक्ष केलेल्या अपमानाबद्दल आहे. अपमानाची साक्ष देणारा आणि अपमान करणारा यांतला फरक मजकुरात स्वच्छ असला पाहिजे. या कायद्यात अटकपूर्व जामिनावर बंधन आहे आणि या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तींच्या अवमानाचीही तरतूद आहे. तेव्हा अशा मजकुराला प्रकाशनापूर्वी जाणत्या वकिलाची नजर लागलेली बरी.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. शब्दांनी माणसे मरतात. मग लेखकाच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी कशाला? शब्दांनी माणसे मरतात, हे मला मान्य आहे. दंगली अफवेने, पत्रकाने, भाषणाने पेटतात, हे महाराष्ट्राने अनेकदा भोगले आहे, आणि म्हणूनच द्वेषभाषण करणाऱ्यावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावले. पण त्या आदेशाचा रोख चिथावणीवर आहे. चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात केला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलम रद्द ठरवले. त्या याचिकेमागे पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मतासाठी २०१२ मध्ये झालेली अटक होती. कायद्याची ताकद मर्यादित असते. ती कवितांवर आणि स्टेटसवर खर्ची पडली, तर व्यासपीठावरून ‘बहिष्कार घाला, धडा शिकवा’ म्हणणाऱ्यासाठी उरत नाही. लेखकाचे स्वातंत्र्य जपणे आणि द्वेषाला खरोखर शिक्षा होणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत असे मी मानतो, आणि जो लेखक स्वतःसाठी सूट मागतो पण दुसऱ्या समाजावर थुंकणाऱ्या आपल्या मित्राबद्दल गप्प राहतो, त्याची सूट मागण्याची नैतिक बाजू दुबळी होते.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. निकाल लेखकाच्या बाजूचे आहेत, पण निकाल येईपर्यंतची वर्षे कोण भरून देणार? लेन प्रकरण संपायला सहा वर्षांहून अधिक काळ गेला; कोल्हापूरच्या प्राध्यापकालाही उच्च न्यायालयाचा नकार पचवून पुढे जावे लागले. खटल्याची प्रक्रियाच शिक्षा ठरते, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण प्रक्रियेत काही अडसर लेखकाच्या बाजूने आहेत आणि ते माहीत असले तर त्रास बराच कमी होतो. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे, पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आणि लिहिण्या-बोलण्यासंबंधीच्या अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी ही चौकशी करणेच योग्य, असे प्रतापगढी निकालाने सांगितले आहे. त्यामुळे तक्रार झाल्याचे कळताच, गुन्हा नोंदला जाण्याची वाट न पाहता, संपूर्ण मजकूर, प्रकाशनाचा संदर्भ आणि या निकालाची प्रत जोडून ठाण्याला आणि पोलिस अधीक्षकांना लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. गुन्हा नोंदलाच तर लगेच अटक होते असे नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी साधारणपणे याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते, आणि तिचे पालन करणाऱ्याला अटक करायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. नोटीस टाळू नये. वकिलासह हजर राहावे. पण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेने कुणावरही ठेवलेली नाही, तेव्हा घाबरून तिथल्या तिथे माफीनामा लिहून देऊ नये. मोबाइल किंवा संगणक जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागावी. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे नव्या संहितेने पोलिसांना बंधनकारक केले आहे.

पुढचा अडसर याहून महत्त्वाचा आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. कलम १९६ आणि २९९ खालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेऊ शकत नाही. म्हणजे न्यायालयाने दखल घेण्याआधी गृह विभागासमोर लेखकाची बाजू मांडायला जागा आहे. गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते, आणि इथे रत्नागिरीकरांची वाट अलीकडे जवळ आली आहे: ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. मुंबईच्या खेपा आणि तिथला खर्च वाचतो, ही लहान लेखकासाठी मोठी गोष्ट आहे. ज्याला वकील परवडत नाही, त्याने जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. पुस्तकच सरकारजमा झाले, तर दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते आणि ती तीन न्यायमूर्तींचे पीठ ऐकते. ही मुदत हुकवू नये.

हे सारे लेखकाच्या नावावर सोपवून संपादकाने, मुद्रकाने आणि संमेलनाच्या आयोजकाने बाजूला होऊ नये. दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानावर ‘लेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ छापली म्हणजे जबाबदारी टळते, हा समज चुकीचा आहे. प्रसिद्ध करणाराही आरोपी होऊ शकतो. त्या ओळीपेक्षा उपयोगी पडते ती कामाची नोंद: मजकूर कधी आला, कोणते बदल सुचवले, कोणते पुरावे मागितले, कशासाठी छापायचे ठरवले. वादात हेतू सिद्ध करताना अशी जुनी टिपणे आणि पत्रव्यवहार बोलतात. त्याचबरोबर, तक्रार येताच अंक परत मागवून लेखकाला एकटे पाडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत हानिकारक मार्ग आहे. खरोखर चूक झाली असेल, तथ्य खोटे निघाले असेल, तर पुढच्या अंकात ठळक दुरुस्ती छापावी. ती सभ्यता आहे आणि दुष्ट हेतू नसल्याची खूणही. मजकूर बरोबर असेल तर आक्षेप घेणाऱ्याला उत्तरादाखल जागा द्यावी. ‘रिडल्स’च्या वेळी शासनालाही टीप जोडून मार्ग काढता आला, साप्ताहिकाला तो का काढता येऊ नये?

आणि लेखकाला धोका केवळ कायद्याच्या कलमातून येत नाही, हे या जिल्ह्याने नुकतेच पाहिले आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या नियोजित रिफायनरीशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा आहे. धमकीचा पहिला फोन आला की त्याची लेखी तक्रार या कायद्याचा उल्लेख करून द्यावी, फोनची नोंद आणि संदेश जपून ठेवावेत, आणि सहकाऱ्यांना ताबडतोब कळवावे. गावकीच्या दबावाने लिहिणाऱ्याच्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचा प्रयत्न झाला, तर त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा वापरता येतो. कोकणात ही शक्यता पुस्तकी नाही.

शेवटी कायद्याच्या मजकुराकडे परत यावे लागते, कारण चांगला निकाल प्रत्येक ठाण्यातल्या अंमलदाराच्या टेबलावर नसतो, कलम मात्र असते. इंग्लंडमध्ये २००६ साली धार्मिक द्वेषाविरुद्ध कायदा आला, तेव्हा तिथल्या लेखकांनी मोठा लढा दिला. परिणामी कलमातच लिहिले गेले की धर्मांची आणि श्रद्धांची चर्चा, टीका, उपहास, अगदी निंदासुद्धा या कायद्याने रोखली जाणार नाही. गुन्हा ठरायला धमकीवजा शब्द आणि द्वेष भडकवण्याचा हेतू दोन्ही लागतील. आपल्याकडे विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये आपल्या २६७व्या अहवालात द्वेषभाषणासाठी नवी कलमे सुचवली. ती आणायची असतील तर जरूर आणावीत, पण १८९८ मध्ये जे वाक्य होते आणि १९६१ मध्ये गेले, तेही परत आणावे: दुष्ट हेतूविना, सुधारणेच्या प्रामाणिक इच्छेने, कलेच्या किंवा अभ्यासाच्या ओघात केलेले लेखन गुन्हा ठरणार नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र विधानमंडळाला कलम १९६ आणि २९९ मध्ये अशी दुरुस्ती करता येते, तिला राष्ट्रपतींची संमती मिळवावी लागेल इतकेच. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा, १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरीचे नगर वाचनालय, पत्रकार संघ आणि जिल्ह्यातला वकीलवर्ग यांनी एकत्र बसून या दुरुस्तीचा नेमका मसुदा करावा, त्यावर ठराव घ्यावा आणि तो जिल्ह्यातल्या पाचही आमदारांच्या हाती अधिवेशनाआधी द्यावा.